तीन दिवस, तीन संग्रहालयं आणि वहीतला एक रिकामा रकाना



पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या वर्षी सगळ्यांना एकच घाई असते, ती म्हणजे शीर्षक पक्कं करायची. माझं तर पक्कं झालंही होतं. 'पश्चिम भारतातील धातूचे दिवे: आकार आणि अलंकरणाचा विकास, १८५० ते १९५०.' ऐकायला कसं भारदस्त वाटतं ना? समितीसमोर आराखडा मांडायला तीन आठवडे उरले होते. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "यातले किती दिवे तू हातभर अंतरावरून पाहिलेत?"

खरं उत्तर होतं, जवळजवळ एकही नाही. सगळे पुस्तकांतल्या फोटोंत पाहिलेले.

म्हणून ही धावपळ. मैत्रिणीने वडिलांची जुनी गाडी मागून आणली आणि आम्ही तीन दिवसांत मुंबई, पुणे आणि साताऱ्याजवळचं औंध अशी तीन ठिकाणची संग्रहालयं गाठायची ठरवली. ही प्रवासाची डायरी नाही. कुठे काय खाल्लं ते सांगत बसणार नाही. या तीन दिवसांत माझा विषय कसा मोडला आणि त्यातून दुसरा कसा उभा राहिला, ते सांगायचंय. तुमच्यापैकी जे नेट-सेट देऊन संशोधनाकडे वळताय, त्यांच्या उपयोगी पडेल.

निघण्याआधी वहीत पाच रकाने आखले: वस्तू, कशाची, कुठली, केव्हाची, कोणी केली. साधे, सरळ रकाने. पहिले चार भरत गेले. पाचव्याने घोटाळा केला.

भायखळा: वस्तूवर गावाचं नाव

पहिला मुक्काम राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आत शिरलात की आधी ते उंच लोखंडी खांब, रंगीत छत आणि मध्ये उभा असलेला प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा दिसतो. बहुतेक जण पुतळ्याकडे एक नजर टाकून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. हे संग्रहालय का उभं राहिलं, याचं निम्मं उत्तर त्या पुतळ्यात आहे.

लंडनला १८५१ मध्ये जे जंगी औद्योगिक प्रदर्शन भरलं, त्याच्या मागे अल्बर्टचा मोठा हात होता. त्यातलं भारताचं दालन ईस्ट इंडिया कंपनीने मांडलं होतं. इथलं विणकाम, धातुकाम, कोरीवकाम पाहून तिकडचे लोक थक्क झाले. मग १८५५ मध्ये पॅरिसला तसंच प्रदर्शन ठरलं. त्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा होऊ लागल्या, तेव्हा त्यांचा एक संच मुंबईतही ठेवावा असा विचार पुढे आला. हेच या संग्रहालयाचं बीज. पहिलं संग्रहालय फोर्टातल्या बराकीत होतं. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि संग्रह घाईघाईने हलवावा लागला, त्यात त्याची बरीच हानी झाली. पुढे नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीतून निधी उभा राहिला, १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी आजची इमारत लोकांसाठी खुली झाली. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. भाऊ दाजींचं नाव १९७५ मध्ये मिळालं.

आता मुद्दा बघा. या वस्तू गोळा करणाऱ्यांचा प्रश्न 'ही कोणी केली?' हा नव्हताच. त्यांना जाणून घ्यायचं होतं, 'असा माल कुठे मिळतो, कशाचा करतात?' म्हणजे प्रश्न व्यापाऱ्याचा होता. म्हणून नोंद झाली ती गावाची आणि धातूची: बिदरचं काम, कच्छची चांदी, मुंबईची जडावाची पेटी. बर्डवुड पुढे इंग्लंडला गेले आणि १८८० मध्ये भारतातल्या कलाकारागिरीवर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्याचीही मांडणी हीच आहे. आधी साहित्य, मग प्रांत आणि गाव.

म्हणजे कारागीर तिथे नाहीच का? आहे की! मातीच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये आहे. निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांचे पुतळे या संग्रहालयात आहेत. बारीक काम, डोक्यावरच्या पागोट्यापासून हातातल्या हत्यारापर्यंत सगळं नेमकं. पण तो 'एक अमुक जातीचा, अमुक धंद्याचा माणूस' आहे. त्याला चेहरा आहे, नाव नाही. माझ्या वहीत पाचव्या रकान्यात मी आडवी रेघ मारली आणि त्याखाली लिहिलं: 'नाव नाही, नमुना आहे.'

हेच बर्डवुड भारतीय कारागिरांचे मोठे चाहते. पण १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ते म्हणाले की भारतात 'ललित कला' अशी नाहीच, आणि बुद्धाच्या ध्यानस्थ मूर्तीची तुलना त्यांनी चक्क उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली. त्यावर विल्यम रोथेन्स्टाइन आणि इतरांनी जाहीर निषेध केला आणि त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. या वादाचा दिव्यांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा वाटलं होतं. तो औंधला कळला. जरा थांबा.

(एक कबुली. मुंबईत होतो, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही उरकून घ्यावं असा मोह झाला. नाही गेलो. तीन तासांत दोन संग्रहालयं 'करणं' म्हणजे एकही न पाहणं. काय पाहायचं नाही हे ठरवणं हा क्षेत्रकामाचा पहिला धडा समजा.)

वाटेत मळवली

संध्याकाळी पुण्याकडे निघालो. घाट चढून लोणावळा मागे पडलं की कार्ल्याजवळ मळवली लागते. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना काही वर्षांनी इथे हलवला होता. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती याच छापखान्यातून घरोघरी गेली. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, एकावर एक रंग बसवायचे, असं ते किचकट काम. ते करणारे हात अनेक होते. चित्र मात्र 'रविवर्म्याचं'. गाडीतच मी वहीत लिहिलं: 'इथे नाव आहे. पण कोणाचं?'

पुणे: वस्तूवर घराचं नाव

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. भायखळ्यातून थेट इथे आलं की फरक अंगावर येतो. तिथे प्रदर्शनाचा थाट, इथे वाड्यातली माजघरं. अडकित्ते, वज्री, पानपुडे, दौती, कुलपं, फण्या, सोऱ्या, आणि माझे दिवे. समया, लामणदिवे, निरांजनं, आरत्या. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती. सात वर्षांचा मुलगा राजा गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५ मध्ये त्यांनी ते महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलं. संग्रह वीस हजारांच्या वर, मांडलेल्या वस्तू त्यातल्या थोड्याच.

केळकरांचा प्रश्न व्यापाऱ्याचा नव्हता. 'आपल्या घरांतून काय निघून चाललंय?' असा तो होता. म्हणून सुपारी कातरायचं हत्यारही त्यांना मोलाचं वाटलं. एखाद्या अडकित्त्याला पोपटाचा आकार का, पाय घासायच्या वज्रीवर हत्ती-घोडे कशाला, असे प्रश्न पडतात ते इथेच. डिझाइन म्हणजे काय, हे पुस्तकाशिवाय शिकायचं असेल तर इथल्या अडकित्त्यांसमोर अर्धा तास उभे राहा. मूठ, कात, बिजागरी. काम तेच, पण प्रत्येकाने ते वेगळ्या रीतीने सोडवलेलं.

पाचवा रकाना? तो इथेही बहुतेक रिकामाच. मला वाटलं, झालं, आता सगळा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळं व्हावं. वसाहतवादी नोंदपद्धतीने कारागिराचं नाव पुसलं, आणि पुढे आपणही तीच पद्धत चालवली. एक प्रकरण तयार!

पण तेवढ्यात घरची समई आठवली. आजीची आहे. तिच्या बुडाशी टिंबटिंबांनी नाव घातलेलं आहे. कोणाचं? आजीच्या मामांचं. लग्नातला आहेर, आणि खाली साल. तुमच्याही घरी तांब्या, परात, पातेलं असेलच. उलटं करून बघा. ज्याने दिलं त्याचं नाव, ज्याला दिलं तिचं नाव, कधी गाव, कधी तिथी. ज्याने घडवलं त्याचं नाव तिथे शोधून बघा, क्वचितच सापडेल. आणि हे नाव घालून घ्यायला आपण साहेबाला विचारायला गेलो नव्हतो.

म्हणजे माझं तयार झालेलं प्रकरण दहा मिनिटांत पडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते तिथेच पडलं हे बरं झालं, समितीसमोर पडलं असतं तर?

दुपारी कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. अजूनही काही घरांतून ठोक्यांचा आवाज येतो. पत्र्याला आकार दिल्यावर भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि ती चमकदार नक्षीही उठते. एका आजोबांना विचारलं, "तुम्ही भांड्यावर तुमचं नाव का घालत नाही?" ते हसले. म्हणाले, "नाव कशाला, पोरी? मठार बघितला की आळीतला माणूस सांगतो, कोणाचा हात आहे ते."

मी वहीकडे बघत राहिले. सही होती तर! माझ्या रकान्यात बसेल अशी नव्हती, एवढंच. ती वाचायची लिपी धंद्यातल्या माणसाला येते, मला येत नाही. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये शहरातल्या तांबे-पितळ कामाची माहिती आहे, ती मी कितीदा वाचली होती. पण 'हात ओळखणे' ही गोष्ट तशा नोंदीत उतरत नाही.

औंध: वस्तूवर सही

रात्री साताऱ्याला मुक्काम केला, सकाळी रहिमतपूरवरून औंध. यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवरच श्री भवानी संग्रहालय आहे. औंध हे छोटंसं संस्थान. त्याचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे खंदे प्रचारक. याच राजांनी १९३९ च्या सुमारास गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार सोपवला. त्याच्या आसपासच, १९३८ मध्ये, हे संग्रहालय झालं.

इथे काय नाही! रविवर्मा, धुरंधर, पंडित सातवळेकर यांची चित्रं. युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या आणि ग्रीक मूर्तींच्या नकला. पहाडी शैलीतली लघुचित्रं. चंदनाचं आणि हस्तिदंताचं कोरीवकाम. आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे छोटं शिल्प. साताऱ्याच्या माळावर हेन्री मूर! पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतोच.

पंतांचा प्रश्न आणखी वेगळा होता: 'माझ्या प्रजेने काय पाहिलं पाहिजे?' म्हणून नकलाही चालतात. खेड्यातला मुलगा काही फ्लॉरेन्सला जाणार नाही, त्याने नक्कल तरी पाहावी. संग्रहालय म्हणजे शाळा, असा हा विचार.

आणि इथे माझा पाचवा रकाना भराभर भरायला लागला. रविवर्मा. धुरंधर. सातवळेकर. मूर. मी खूश होऊन लिहीत होते. मैत्रीण खांद्यावरून बघत म्हणाली, "अगं, पण तू फक्त चित्रांचीच नावं लिहितेयस. या हस्तिदंतवाल्याचं काय?"

तिथे बर्डवुड आठवले. १९१० चा तो वाद मुळात हाच होता. ललित कला कोणती आणि कारागिरी कोणती? रोथेन्स्टाइन आणि मंडळींनी भारतीय मूर्तीला ललित कलेच्या पंगतीत बसवलं. छान झालं. पण पंगती दोनच राहिल्या. एकीत बसणाऱ्याला नाव विचारायचं, दुसरीत बसणाऱ्याला गाव. भायखळ्यात १८७२ साली जी रेघ होती, ती मी माझ्याच वहीत, माझ्याच हाताने ओढत होते, आणि तेही कारागिराचं नाव शोधायला निघालेली असताना!

जाताजाता: वस्तूवर कंपनीचं नाव

औंधहून परत फिरायचं होतं, पण दुपार शिल्लक होती. दक्षिणेला, पुसेसावळी-कडेगावच्या बाजूने किर्लोस्करवाडी गाठली. तिथे काही कलासंग्रहालय पाहायला गेलो नव्हतो. कारण वेगळं होतं. बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली ती औंधच्या याच पंतांनी. १९१० मध्ये त्या ओसाड माळावर वसाहत उभी राहिली आणि लोखंडी नांगर निघू लागले.

लक्ष्मणराव मुंबईला गेले होते ते जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला. रंग नीट ओळखू येत नसल्यामुळे चित्रकला सुटली. यांत्रिक रेखाटन मात्र ते शिकले, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवलंही. म्हणजे बघा, ज्या पंतांनी चित्रांसाठी संग्रहालय बांधलं, त्यांनीच चित्रकलेतून बाहेर पडलेल्या माणसाला नांगरासाठी माळ दिला. आपण कलेचा इतिहास एका विभागात शिकतो आणि उद्योगाचा दुसऱ्या. औंध संस्थानाच्या नकाशावर हे दोन्ही काही तासांच्या अंतरावर आहेत.

आणि नांगरावर नाव आहे, ठळक: किर्लोस्कर. तांबटाच्या मठाराची जागा आता छापाने घेतली. गिऱ्हाईकाला खात्री मिळाली. ओतकाम करणारा मात्र पुन्हा नावाशिवाय राहिला.

मग माझ्या विषयाचं काय झालं?

परतीच्या वाटेवर गाडीत बसून मी चार ओळी लिहिल्या. भायखळ्यात वस्तूला गावाचं नाव. पुण्यातल्या घरांत देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव. औंधला चित्रकाराची सही. वाडीला कंपनीचा छाप. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी नाव घालतंय, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सुटतंय. सुटणारा बहुतेक वेळा एकाच बाजूचा.

दिव्यांचे आकार कसे बदलले, हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याचं उत्तर मला फोटोंची पुस्तकं चाळून जवळजवळ आधीच ठाऊक होतं. आणि ज्याचं उत्तर निघण्याआधीच ठाऊक आहे, त्यासाठी पाच वर्षं कशाला घालवायची? आता माझा आराखडा असा आहे: तांब्या-पितळेच्या वस्तूंवर नाव कोणाचं, कोणी आणि कशासाठी घातलं. दिवे आहेत, पण ते साक्षीदार म्हणून.

समितीत एका सरांनी नेमका प्रश्न टाकला, "जे नाव लिहिलंच गेलं नाही, त्याचा पुरावा कुठून आणणार?" माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं, आजही नाही. जे आहे ते सांगितलं. घरगुती भांड्यांवरचे लेख. प्रदर्शनांच्या बक्षिसांच्या याद्या. तिथे नावं असतात, पण ती करणाऱ्याची की पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची, हे तपासावं लागतं. संग्रहालयांच्या आवक-नोंदवह्या. आणि तांबट आळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, ज्यांना हात वाचता येतो. त्यातले बरेच जण सत्तरीच्या पुढचे आहेत. ग्रंथालयातलं गॅझेटियर आणखी शंभर वर्षं थांबेल, ते थांबणार नाहीत. म्हणून मुलाखती आधी, असं ठरलं. आराखडा दुरुस्त्यांसह मंजूर झाला.

तुम्ही निघणार असाल तर

संग्रहालयात शिरताना पहिला प्रश्न वस्तूला विचारू नका, संग्रहाला विचारा: हे गोळा करणाऱ्याला काय हवं होतं? व्यापाऱ्याला, मुलगा गमावलेल्या बापाला आणि राजाला एकच समई दिली, तर तिघे तिच्याबद्दल तीन वेगळ्या गोष्टी लिहून ठेवतील.

दुसरं, रकाने आखूनच जा, पण रिकामा राहिलेला रकाना खोडू नका. तो का रिकामा आहे, हे लिहा. माझा सगळा विषय त्या एका रकान्यातून निघाला.

तिसरं, साधंच. सुट्टीचे वार आधी बघा, फोटोची परवानगी विचारा आणि नोंदवही पाहायची असेल तर लेखी अर्ज आधीच पाठवा. आणि शक्य असेल तर इतिहासाचा नसलेला एक माणूस सोबत न्या. हस्तिदंतवाल्याबद्दल विचारलं ते माझ्या मैत्रिणीने, आणि ती बँकेत नोकरी करते.

आणि हो, हे वाचून झाल्यावर स्वयंपाकघरात जा. सगळ्यात जुनं भांडं काढा, उलटं करा, नाव वाचा. ज्याचं नाव तिथे नाही, त्याच्याबद्दल आजीला विचारून बघा. 'अमक्या आळीतल्या तांबटाकडून घेतलं होतं' एवढं जरी ती म्हणाली, तरी तारीख टाकून लिहून ठेवा.